स्मार्ट मीटर घ्यायच्या आधी एक रात्र जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सोसायटीत तीन बिल्डिंग, प्रत्येकी ४० फ्लॅट, खाली जमिनीत एक मोठी टाकी आणि गच्चीवर प्रत्येक बिल्डिंगची वेगळी टाकी. एक कंपनी येऊन प्रेझेंटेशन देऊन गेली, सगळ्या फ्लॅटना स्मार्ट मीटर, टाक्यांना सेन्सर, मोबाइलवर ॲप आणि वर एआय. कमिटी म्हणते घेऊन टाकू. तुम्ही विचारताय की याने पाणी खरंच वाचतं का, आणि जाता जाता भावाच्या शेतात असलं काही लावता येईल का.

वाचतं. पण तुम्ही ज्या क्रमाने निघालात त्या क्रमाने नाही. मी अठराएक वर्षं हेच काम करतोय, सुरुवातीला कानाला काठी लावून जमिनीखालची गळती ऐकायचो, आता बराच वेळ लॅपटॉपवर ग्राफ बघण्यात जातो, आणि या सगळ्यात एवढं नक्की कळलंय की ज्यांनी आधी मोजलं आणि मग यंत्रं घेतली त्यांचं पाणी वाचलं, आणि ज्यांनी आधी यंत्रं घेतली त्यांच्या ऑफिसात एक सुंदर स्क्रीन लागली.

तर आधी एक फुकटचं काम करा. एखाद्या रात्री दोन ते चार जागायचं. त्या वेळेला घरोघरी माणसं झोपलेली असतात, वापर जवळपास शून्यावर येतो, मग जे वाहतंय ते बहुतेक गळतीच असते. मोठ्या शहरांच्या पाणीखात्यातही हीच पद्धत आहे, इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकापासून शहराचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाला एक मीटर लावून रात्रीचा प्रवाह बघतात. तुम्हाला तेवढंही नको. पंप बंद, गच्चीवरची टाकी भरलेली, काठीला टेप चिकटवून बरोबर दोनला पातळी मोजा आणि बरोबर चारला परत मोजा. समजा टाकी आतून ४ मीटर बाय ३ मीटर आहे, म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेलं. दोन तासांत ५ सेंटिमीटर उतरली तर ६०० लिटर, तासाला ३००. आता कोणीतरी उठतंच, फ्लश होतो, कोणाची रात्रपाळी असते, त्यासाठी फ्लॅटमागे तासाला २-३ लिटर सोडून द्या. ४० फ्लॅटचे झाले ८० ते १२०. राहिले तासाला १८० ते २२०. हे चोवीस तास चालू असतं बरं का, म्हणजे एका बिल्डिंगचं दिवसाला चार-पाच हजार लिटर कुणाच्याही बादलीत न पडता जातंय.

खालच्या टाकीचंही तेच करा, येणारी लाइन बंद करून. तिथे पातळी हलायलाच नको. उतरली तर टाकीला तडा असू शकतो, किंवा कुठला तरी कॉक नीट बंद होत नाहीये. आणि उलट वाढताना दिसली तर आधी पंपाजवळचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) तपासा, तो गेला असेल आणि वर पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर चढवलेलं पाणी रात्री निवांत परत खाली येतं. तिथे पाणी नाही, वीज गळतेय.

एक किस्सा सांगतो. एका संकुलात आम्हाला बोलावलं होतं, तिथे दीड वर्षापूर्वीच कोणीतरी सगळी सिस्टीम बसवून गेलं होतं. ऑफिसात भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर निळे ग्राफ. मी सहज रात्रीचा ग्राफ काढायला सांगितला तर मेन मीटरची रेघ रात्री एक ते पाच अगदी सरळ, तासाला ९०० लिटरवर. माणसांचा वापर कधी इतका सरळ नसतो, तो वरखाली होतो, सरळ रेघ म्हणजे भोक. खाली जाऊन टाकीचं झाकण उघडलं तर बॉलकॉकचा गोळा पाण्याने भरून बुडालेला, आत येणारं पाणी थांबतच नव्हतं, आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला, त्यामुळे बाहेर एक थेंब दिसत नव्हता. दुरुस्तीला अर्धा तास लागला. सेन्सरने आपलं काम दीड वर्षं चोख केलं होतं हो, पण तो आकडा बघायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी ओव्हरफ्लोचं तोंड शोधतो. ते नेहमी उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं सोडायचं, वॉचमनने ओरडायला पाहिजे. याच्याइतका स्वस्त अलार्म दुसरा नाही.

आता मीटरकडे येऊ. सगळ्या फ्लॅटना एकदम मीटर लावू नका. पहिल्या टप्प्यात येणाऱ्या मेन लाइनला एक आणि प्रत्येक गच्चीच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या डाऊनटेकला एकेक. एवढ्यावर पहिले तीन-चार महिने काढा. आत किती आलं आणि खाली किती उतरलं यातला फरक हीच तुमची पहिली खरी माहिती. फ्लॅटचे मीटर नंतर लावा, आणि लावायच्या आधी नीट बघून घ्या की एका फ्लॅटला पाणी किती ठिकाणांहून येतं, कारण पुष्कळ बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाथरूमची आणि किचनची उभी लाइन वेगळी असते, मग एका घराला तीन-चार मीटर लागतात आणि कंपनीने प्रेझेंटेशनमध्ये एकच धरलेला असतो.

मीटर घेताना दोन गोष्टी विचारा, दुकानदार बावरतो कधीकधी. पहिली, पल्स किती लिटरची. मीटरमधून ठरावीक पाणी गेलं की तो एक टिकटिक पाठवतो, त्याला पल्स म्हणतात. पल्स १०० लिटरची असेल तर तासाला ३० लिटरची गळती तुम्हाला तीन तास दिसणारच नाही. १ लिटरची किंवा फार तर १० लिटरची घ्या. दुसरी गोष्ट, मीटर कमीत कमी किती प्रवाह बरोबर मोजतो. मीटरवर आर ८०, आर १६०, आर ४०० असं काहीतरी छापलेलं असतं, ते उगाच नसतं. घरगुती मीटर ज्याचा नेहमीचा प्रवाह तासाला २.५ घनमीटर आहे, तो आर ८० असेल तर तासाला साधारण ३१ लिटरच्या खाली त्याचा भरवसा नाही, आर १६० असेल तर १६ च्या खाली, आर ४०० असेल तर ६ च्या खाली. आता गळका फ्लश टँक, ज्याचं वॉशर नीट बसत नाही आणि कमोडमध्ये एक बारीक धार गुपचूप उतरत राहते, तो तासाला १० लिटर सहज घालवतो, दिवसाचे झाले २४०. स्वस्त मीटरला ते दिसतही नाही आणि त्या घरातल्यांनाही नाही. (फ्लश टँक तपासायला सेन्सर लागत नाही, टाकीत खायचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा, कमोडमध्ये रंग उतरला की गळतंय.)

आवाजाच्या लहरींनी प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरला फिरणारे भाग नसतात त्यामुळे कचऱ्याने अडकत नाही, लहान प्रवाहही बरा पकडतो. पण पाइप पूर्ण भरलेला पाहिजे आणि पाण्यात हवा नको, शिवाय बऱ्याच मॉडेलना मीटरच्या आधी सरळ पाइप लागतो, एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाला, चिकटवून लावला की आकडे नाचायला लागतात. जिथे पाणी ठरावीक वेळच येतं तिथे अजून एक गंमत होते, पाणी यायच्या आधी पाइपातली हवा जोरात बाहेर पडते आणि चक्रीवाला मीटर हवेनेही फिरतो. बिल हवेचं.

टाकीच्या लेव्हल सेन्सरबद्दल लोकांना वाटतं की हा सगळ्यात सोपा भाग. मला सगळ्यात जास्त त्रास यानेच दिलाय. वर झाकणाला लावायचा जो आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा सेन्सर असतो, त्याला अगदी जवळचं दिसत नाही, साध्या मॉडेलमध्ये २०-२५ सेंटिमीटर आंधळी जागा असते, म्हणजे टाकी काठोकाठ भरायला आली की नेमकं तेव्हाच तो खोटं बोलतो. बंद टाकीत वाफ धरते, त्याच्या तोंडावर थेंब लटकतात. आतली शिडी, पाइप, यांच्यावरून आवाज परत येतो आणि सेन्सरला वाटतं पाणी तिथेच आहे. मी आता शक्यतो तळाशी सोडायचा प्रेशरवाला सेन्सर घेतो, ४ ते २० मिलीअँपिअरवाला, म्हणजे पातळीप्रमाणे तेवढा करंट पाठवणारा. शून्यापासून न धरता ४ पासून का धरतात तर रिकामी टाकी म्हणजे ४, आणि वायर उंदराने कुरतडली तर ०, म्हणजे "पाणी संपलंय" आणि "मी मेलोय" यातला फरक कळतो. जो सेन्सर स्वतः बिघडलाय हे सांगू शकत नाही त्याच्यावर पंप चालवू नका. आणि काहीही लावलं तरी पाण्यावर तरंगणारा जुना फ्लोट स्विच काढून टाकू नका, राहू दे तो शेवटचा आधार म्हणून. नेट गेलं, सर्व्हर बंद पडला, कंपनीने गाशा गुंडाळला तरी टाकी भरल्यावर पंप बंद झालाच पाहिजे.

प्रेशर हा विषय कोणी प्रेझेंटेशनमध्ये घेत नाही कारण त्यात स्क्रीनवर दाखवण्यासारखं काही नाही. पण गळती प्रेशरवर चालते. लोखंडी पाइपातल्या भोकाचा आकार बदलत नाही, तिथे प्रेशर निम्मं केलं तर गळती साधारण ७० टक्क्यांवर येते. प्लास्टिकच्या पाइपाला उभी चीर असेल तर प्रेशर वाढलं की चीरच उघडते, तिथे फरक बराच मोठा पडतो. गळतीचे अभ्यासक जॉन मे यांनी १९९४ मध्ये हे नीट मांडलं आणि दोन्ही प्रकारच्या गळत्या मिळून पाणीखात्यांनी व्यवहारात धरायचा ठोकताळा असा झाला की प्रेशर जितक्या टक्क्यांनी कमी, गळती साधारण तितक्याच टक्क्यांनी कमी. उंच बिल्डिंग असेल तर गच्चीच्या टाकीखाली दर १० मीटरला जवळपास १ बार (बार हे प्रेशरचं माप) प्रेशर वाढतं, म्हणजे बाराव्या मजल्याच्या टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावर साडेतीन बारने येतं, तिथले नळ फवारतात, वॉशर लवकर जातात, आणि हात धुवायला पाणी दुप्पट जातं. खालच्या मजल्यांना प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. ॲप नाही, बॅटरी नाही, दुसऱ्या दिवसापासून फरक.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचं उदाहरण लोक देतात, २०१८ मध्ये शहराचे नळ बंद पडायची वेळ आली होती आणि आली नाही. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती, जास्त वापरणाऱ्या घरांना रोजचं पाणी ठरावीक लिटरवर थांबवणारी यंत्रं बसवली होती, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच काळात त्यांनी शहरभर प्रेशर खाली आणलं होतं, ते फारसं कोणी सांगत नाही. तसंच टोकियो. तिथे गळती १९५० च्या दशकात २० टक्क्यांच्या आसपास होती, आता ३ च्या आसपास असते. सेन्सर आहेतच, पण मोठा वाटा मेन लाइन बदलण्याचा आणि रस्त्यापासून घरापर्यंतचा छोटा पाइप स्टेनलेस स्टीलचा करण्याचा आहे, कारण जास्तीत जास्त गळत्या त्याच तुकड्यात सापडत होत्या. कुठे गळतंय ते मोजून कळलं, थांबलं मात्र पाइप बदलल्यावर.

रात्रीच्या हिशेबात गळती आहे असं निघालं आणि दिसत कुठेच नाही, म्हणजे जमिनीखाली आहे, तर मग टेक्नॉलॉजी खरी कामाला येते. पाइपच्या दोन टोकांना आवाज पकडणारे सेन्सर लावतात, गळतीचा आवाज दोन्हीकडे पोचायला जो वेळेचा फरक पडतो त्यावरून जागा काढतात. समजा दोन सेन्सरमध्ये लोखंडी पाइप १०० मीटर, आवाज त्यात सेकंदाला साधारण १,२५० मीटर धावतो, आणि एका टोकाला ०.०२ सेकंद आधी पोचला. त्या वेळात आवाज २५ मीटर जातो, १०० मधून २५ वजा, भागिले दोन, म्हणजे जवळच्या सेन्सरपासून साडेसदतीस मीटरवर खणा. इतकं सोपं गणित आहे. पण पाइप प्लास्टिकचा असेल तर आवाज निम्म्याहून कमी वेगाने जातो आणि वाटेतच विरतो, सेन्सर बरेच जवळ लावावे लागतात, आणि कोणता पाइप कुठे बदललाय याचा नकाशा नसेल तर खड्डा चुकतोच. मी चुकवलेत. तीन खड्डे खणून चौथ्याला गळती सापडली तेव्हा तिथल्या लोकांनी मला चहाही विचारला नाही.

ॲपवरून बंद होणारे व्हॉल्व्ह घेणार असाल तर फटकन बंद होणारे घेऊ नका. सेकंदाला १ मीटर वेगाने धावणारं पाणी लोखंडी पाइपात एका झटक्यात अडवलं तर जवळपास १२ बारचा धक्का बसतो, मग "गळती थांबवायला" लावलेल्या व्हॉल्व्हनेच सांधे उसवतात. हळू बंद होणारा मोटरवाला बॉल व्हॉल्व्ह घ्या.

सिग्नलचं पण आधीच बघा. मीटर जमिनीखालच्या चेंबरमध्ये, वर बिडाचं झाकण, पावसात चेंबर पाण्याने भरलेला, आणि कंपनी म्हणते रेंज पाच किलोमीटर. ती मोकळ्या मैदानातली. लोरा असो की एनबी आयओटी (मीटरचं रीडिंग बिनतारी पाठवायच्या दोन पद्धती), तुमच्या सगळ्यात वाईट चेंबरमध्ये एक मीटर महिनाभर लावून दाखवा म्हणावं, मग बाकीचं बोलू. बॅटरी दहा वर्षं हेही दिवसातून एकदोनदा रीडिंग पाठवलं तर, तुम्ही दर पाच मिनिटाला मागितलं तर विसरा. मीटरने दर पंधरा मिनिटांची नोंद स्वतःकडे ठेवावी आणि दिवसातून एकदा एकत्र पाठवावी, एवढं पुरतं.

एआयचं म्हणाल तर तुमच्या आकाराच्या जागेला "रात्री दोन ते चारमध्ये सलग तीन रात्री अमुक लिटरच्या वर गेलं तर दोन माणसांना फोन कर" एवढा एक नियम पुरतो. दोन माणसं नावानिशी ठरवा, त्यातला एक गावाला गेला तर दुसरा. आणि अलार्म फार ठेवू नका, रोज दहा अलार्म वाजले की लोक आठवड्यात म्यूट करतात.

करारात दोन ओळी पाहिजेतच, सगळा डेटा साध्या फाइलमध्ये केव्हाही उतरवून घेता आला पाहिजे आणि कंपनी सोडून गेली तरी मीटर दुसऱ्याच्या सिस्टीमला जोडता आले पाहिजेत. फ्लॅटचं तासातासाचं रीडिंग कमिटीतल्या सगळ्यांना दिसू देऊ नका, त्यावरून कोण घरी आहे कोण नाही हे स्वच्छ कळतं. आणि पासवर्ड बदला. हसू नका, ऑस्ट्रेलियात मरूची शायर इथे २००० साली नाराज झालेल्या एका माणसाने रेडिओवरून सांडपाण्याची पंपिंग स्टेशनं हाताळून सुमारे ८ लाख लिटर मैला बाहेर सोडला होता.

आता भावाचं शेत. तिथे दोन गोष्टींपासून सुरुवात, मोटरच्या डिलिव्हरीला एक मीटर आणि मातीत दोन टेन्शिओमीटर, एक ३० सेंटिमीटरवर आणि एक ६० वर. टेन्शिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, खाली मातीची सच्छिद्र टोपी, वर गेज, मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय ते सेंटिबारमध्ये दाखवतो. पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांनी वाफसा आला की आकडा टिपून ठेवायचा, तोच त्या जमिनीचा पाया. मग पीक बघून हलक्या जमिनीत साधारण २०-२५ ला आणि भारी जमिनीत ५०-६० ला पाणी द्यायचं. ८५ च्या पुढे तो निकामी, नळीत हवा शिरते. ६० सेंटिमीटरवरच्या टेन्शिओमीटरचा आकडा प्रत्येक पाळीनंतर शून्याकडे पळत असेल तर पाणी मुळांच्या खाली चाललंय, पाळी आखूड करा. इलेक्ट्रॉनिक सेन्सर घेतला तर तोही याच्याशी ताडून बघा, कारण तो प्रत्येक मातीत वेगळं बोलतो, आणि लावताना भोवती पोकळी राहिली तर कायमच जमीन कोरडी दाखवतो, मग ऑटोमॅटिक सिस्टीम बिचारी पाणी देतच राहते.

हिशेबाला एक आकडा पाठ करून ठेवा, १ हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर. पीक दिवसाला ५ मिलिमीटर पितंय तर ५० हजार लिटर, मीटर ८० दाखवतोय तर ३० कुठे गेले ते शोधायचं. ठिबक असेल तर आधी फिल्टर आणि शेवटच्या लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीचं, प्रेशर बघा, चोंदलेल्या ड्रिपरवर स्मार्ट कंट्रोलर लावून काही होत नाही.

आणि भावाला एक विचारून ठेवा, वाचलेल्या पाण्याचं तो काय करणार. पाण्याच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं होतं की सिंचन सुधारलं की शेतकरी बहुतेक वेळा क्षेत्र वाढवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो, आणि आधी जे पाणी मुरून विहिरींना परत मिळत होतं तेही बंद होतं, म्हणजे शेताचं पाणी वाचतं आणि जमिनीखालचं खालीच जातं. त्याला उत्पन्न वाढवायचं असेल तर खुशाल वाढवू दे, फक्त बोअरच्या पाण्याची पातळी महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहायला सांगा.

तुम्ही या आठवड्यात रात्रीचं मोजमाप करा. तिन्ही गच्चीच्या टाक्यांची आतली लांबी-रुंदी, दोनचं आणि चारचं रीडिंग, खालच्या टाकीचं रीडिंग, आणि ओव्हरफ्लोचा पाइप नेमका कुठे उघडतो, एवढं कळवा. कंपनीला काय उत्तर द्यायचं ते त्यावरून सांगतो.